नऊ नव्हे, अडीच

नथ्थूनाना. धुळ्याच्या एका कापूस-जिनिंगचा ट्रक चालवायचे. एकाहत्तर सालच्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी त्यांचं वाटोळं केलं. हे आजवर कुणाला बोललो नाही. सभांमधून इतरांना खोटारडे म्हणत फिरलो — हे मात्र बोललो नाही.

आठवडाभर आधी त्यांच्या ट्रकपुढे म्हैस आली. नानांनी ब्रेक मारला; मागे उभ्या चाळीस मजूर बाया एकमेकींवर पडल्या, एकीचा हात मोडला. मी मजुरांसाठी पत्रकं काढायचो; बायांना मालासारखं कोंबून नेणाऱ्या जिनिंगच्या मालकाला मला धरायचं होतं. कॉलेजात फिजिक्स शिकत होतो — म्हटलं, आकड्यानेच ठोकू. माझ्या शब्दावर नानांनी त्याच वेगाने ट्रक पुन्हा पळवला, तसाच ब्रेक मारला. मी शेजारी, हातात प्रयोगशाळेतलं घड्याळ.

"दाब भाऊ घड्याय," नाना हसले. "माले बी कळू दे, मी कितला वाईट शे."

ताशी छत्तीस किलोमीटरवरून शून्य. चार सेकंदांत.

सरासरी त्वरण म्हणजे वेगातला बदल भागिले वेळ. छत्तीस भागिले चार — नऊ. पुढे सवयीने मीटर आणि सेकंद लिहून टाकले. विहिरीत सोडलेला दगड जवळजवळ याच त्वरणाने खाली जातो! पत्रकाला याहून चांगला मथळा कुठला? 'बायांना विहिरीत ढकललं' — पिवळ्या कागदावर पाचशे प्रती वाटल्या.

संक्रांतीआधीच्या त्या दुपारी वही चाळताना दिसलं. किलोमीटरचे मीटर आणि तासाचे सेकंद मी केलेच नव्हते. ताशी छत्तीस म्हणजे सेकंदाला दहा मीटर. भागिले चार — अडीच. साधा ब्रेक. मग बाया पडल्या कशाने? ट्रकमध्ये धरायला दोरसुद्धा नव्हता, म्हणून. खरा आकडा मालकालाच धरत होता — आणि मालक माझंच पत्रक दाखवून, चूक ड्रायव्हरची म्हणत, नानांना कामावरून काढत होता.

नाना तेव्हाच दारात आले.

"तू शिकेल शेस भाऊ. परत एकदाव गणित मांडी देख ना."

वही उघडीच होती. मी ती मिटली. म्हणालो, "गणित बदलत नसतं, नाना."

का? पाचशे जणांपुढे चुकलो म्हणायची लाज — दुसरं काही नाही. पत्रकं लिहिणारा मी, दोन ओळींचं पत्रक काढू शकलो नाही.

"मंग चूक मन्हीच व्हई," नाना म्हणाले, आणि गेले.

ते पिवळं पत्रक तुमच्या घरी, दुकानात, कुठेही असेल तर काढा. नऊ खोडा, अडीच लिहा. आणि ज्याने ज्याने ते तेव्हा वाचलं होतं, त्याला नेऊन दाखवा.