पत्रावळीचं इंग्रजी

माझं वाक्य अर्ध्यावर होतं, तेव्हा मॅडमनी माझा माइक बंद केला. फोनच्या काचेवर दहा-बारा चेहरे. कुणाच्या मागे पुस्तकांचं कपाट, कुणाच्या मागे कुंड्या. मी बोलतच होते. ओठ हलत होते, आवाज कुठेच जात नव्हता. मॅडम हसून म्हणाल्या, "लेट्स कीप इट पॉझिटिव्ह, फ्रेंड्स." सगळ्यांनी माना हलवल्या.

मी गावच्या शाळेच्या ओट्यावर बसले होते. नेटवर्क तिथेच लागतं. शेजारी आई.

मी वारासिवनीत एका ऑनलाइन सेंटरवर लोकांचे फॉर्म भरते. गाव रामपायलीच्या अलीकडे. मुलूख हिंदी राज्यातला, म्हणून घरात मराठी, शाळा सगळी हिंदीतून. इंग्रजी फक्त पेपरात लिहिलं, तोंडात कधी आलंच नाही. बालाघाटला पर्यावरणाचं काम करणाऱ्या एका संस्थेत जागा निघणार होती. काम खेड्यापाड्यांत फिरायचं, मुलाखत मात्र इंग्रजीत. पुण्याच्या या मॅडम दर शनिवारी संध्याकाळी ऑनलाइन गट जमवून इंग्रजी बोलायचा सराव घ्यायच्या. फुकट. विषय कायमचा एकच: सस्टेनेबिलिटी. म्हणजे निसर्गाला न ओरबाडता जगणं. त्या संस्थेत मॅडमची ओळख होती. चांगलं बोलेल त्याचं नाव त्या पाठवणार होत्या. ते नाव मला माझं हवं होतं.

दोन महिने मी ऐकून घेतलं. एकाने बांबूचा ब्रश विकत घेतला. टाळ्या. एकीने रोज एक तास एसी बंद ठेवला. टाळ्या. आमच्या घरात एकच पंखा, तोही वीज असेल तर. मी काय बंद करू आणि कुणाला सांगू? संताप यायचा. पण गरजवंताला अक्कल नसते. मीही टाळ्या वाजवत राहिले.

मग एकदा माझ्या तोंडून निघून गेलं की माझी आई पळसाच्या पत्रावळ्या लावते. मॅडम खुर्चीतच उसळल्या. "तुम्हा लोकांना हे शिकावंच लागत नाही. किती भाग्यवान!" दोन मिनिटांचं भाषण त्यांनी स्वतःच लिहून पाठवलं. आईलाही शेजारी बसव, पत्रावळी लावताना दाखव, म्हणाल्या. आठवडाभर मी ते पाठ केलं. बसमध्ये, फॉर्म भरता भरता, भाकरी थापता थापता.

शनिवारी दुपारी आई काडीने पानं टाचत होती. "काय लिहून देल्लं वं त्या बाईनं? मले तं सांग."

मी मराठीत सांगितलं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पानावर जेवतो, कारण आम्हाला निसर्गाची माया आहे. आमच्या गरजा थोड्या, म्हणून आम्ही सुखी.

आईच्या हातातली काडी थांबली. "मायेनं? पटेलाच्या घरचं लगन इसरली का तू?"

विसरले नव्हते. पाठांतरासाठी बाजूला सारलं होतं. त्याची लाज मला अजून वाटते.

नऊ वर्षांची होते मी. पटेल म्हणजे आमच्याकडे गावचे पाटील; त्यांच्या घरच्या प्रत्येक लग्नाच्या पत्रावळ्या माझी आईच लावायची. त्या वर्षी त्यांनी स्टीलची ताटं आणली. सारं गाव ताटात जेवलं. आमच्या मोहल्ल्याची पंगत शेवटी, गोठ्यामागे. चकचकीत ताटांची चळत बघून मी एक उचललं. पटेलीणबाई ओरडल्या, "ए पोरी, ठेव थे! तुमच्या पत्रावळ्या घरून आनल्या नाई का?" ताट त्यांनी माझ्या हातून घेतलंही नाही. जमिनीवर ठेवायला लावलं आणि वरून बादलीभर पाणी ओतलं. आईने पिशवीतून पत्रावळी काढली. तिनेच लावलेली. जेवण झाल्यावर ती आम्हीच उचलून गावाबाहेर टाकायची होती. वरण चांगलं झालं होतं, हेही आठवतं.

संध्याकाळी गटात माझी बोलायची वेळ आली. भाषणाचा कागद मी मांडीखाली सारला.

"वुई ईट ऑन लीफ. नॉट फॉर नेचर. दे नॉट गिव्ह अस प्लेट. आय टच प्लेट, दे थ्रो वॉटर..."

तिथे माइक बंद झाला.

"झालं का वं? मी दाखवू का आता?" आईने विचारलं. धुतलेलं लुगडं नेसून, केस विंचरून, पानं मांडीवर घेऊन ती तयार बसली होती. मला तिच्याकडे बघवेना.

थोड्या वेळाने मॅडमचा फोन आला. आता त्या मराठीत बोलत होत्या. "अगं, किती कच्चं आहे तुझं व्याकरण! आणि हे जातीबितीचं मध्येच कशाला? आता असं काही राहिलंय का? पुढच्या शनिवारी मी लिहिलंय तेवढंच वाच. लगेच तुझं नाव पाठवते."

दोन मिनिटं वाचायचं. नोकरी समोर होती. खोटं कशाला सांगू, मोह झाला. आई पानं गोळा करून पिशवीत भरत होती.

"मॅडम, माझं नाव पाठवू नका."

"वेडी आहेस का?"

"त्यांनी ताट दिलं नाही. तुम्ही माइक दिला नाही."

फोन ठेवला. घाबरले होते मी, शूर वगैरे काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी गटातून माझं नाव काढलेलं होतं. संस्थेचा अर्ज मी सेंटरवर बसून स्वतःच भरला, दुसऱ्यांचे भरते तसाच. आता रोज संध्याकाळी ओट्यावर आईसमोर इंग्रजी बोलते. तिला शब्द कळत नाहीत. पण मी अडखळले की बरोबर कळतं. "काहून थांबली वं? बोल ना."

दे डिड नॉट गिव्ह अस प्लेट्स. आता व्याकरणही बरोबर आहे.

मुलाखतीला बोलावलं, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्वतःविषयी सांगा. मी याच वाक्याने सुरुवात करणार. त्यांना आवडो न आवडो, जागा मिळो न मिळो. तिथे मधे टेबल असेल, माइक नसेल. वाक्य पूर्ण केल्याशिवाय मी त्या खुर्चीवरून उठणार नाही.