मला बघायला येऊ नका

“मावशी, हा लिम्फोमा आहे,” बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी मानेवरच्या गाठीवर पदर घेऊन बसले होते. लिम्फोमा म्हणजे अंगातल्या गाठींचा कॅन्सर. आमचे मालक तिथंच रडायला लागले. मी विचारलं, “औषध हाय का न्हाई, तेवढं सांगा.”

“आहे. पण फार कडक आहे.”

“मग मीबी कडकच हाय,” मी म्हटलं.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. औषधाला किमोथेरपी म्हणतात. सलाइनमधून देतात, काही आठवड्यांनी परत देतात. उलट्या झाल्या, केस गेले. ते दिसतं, म्हणून माणसं त्याचीच हळहळ करतात. खरं संकट दिसत नाही. औषध गाठी मारतं, तशा रक्तातल्या पांढऱ्या पेशीही मारतं. त्या पेशी म्हणजे अंगाचे राखणदार. पिकल्या भाताला राखण नसली की रानडुकरं काय करतात ते आम्हाला कुणी सांगायला नको. या पेशी कमी होण्याला न्यूट्रोपेनिया म्हणतात. डॉक्टरांनी बजावलं, “आठवडाभरानं पेशी खाली जातील. गर्दीत बसू नका. शिळं, कच्चं खाऊ नका. ताप आला तर गोळी घेऊन झोपायचं नाही, सरळ इकडं यायचं.”

गर्दीत बसू नका म्हणे! मी रामनगरला परतले आणि गर्दीच घरी आली. आजारी माणसाला बघायला गेलं नाही तर आमच्याकडे वर्षानुवर्षं बोलणी खावी लागतात. खानापूरकडून माहेरची माणसं आली, जोयड्याहून सासरची जीप भरून आली. बायकांनी गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. कुणी खोकत होतं, कुणाचं पोर शेंबडं होतं. मला बरंही वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

मग एका दुपारी ताप चढला, दात वाजायला लागले. शेजाऱ्यांच्या जीपनं बेळगाव गाठलं. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्याच होत्या. शिरेतून अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारायचं औषध, चालू केलं. तोंड आतून सोलून निघालं होतं, पाण्याचा घोट जाईना. डॉक्टर म्हणाले, “असा ताप परत आला तर पुढचे डोस लांबतील. गाठी काही आपल्यासाठी थांबणार नाहीत.”

घरच्यांनी ठरवलं, औषधच मारतंय हिला, बंद करा.

मी म्हटलं, “औषध न्हाई बंद करायचं. दार बंद करायचं.”

दुसऱ्या डोसनंतर मी पुढच्या खोलीत आतून कडी लावून राहिले. सारवण, गोठा जावेकडे दिला. मालक हात धुऊन गरम पेज आणायचे. अशात दिग्गीहून माझ्या थोरल्या नणंद आल्या. हातात केळ्यांची पिशवी, नाक लाल.

“वैनी, दार उघड.”

“न्हाई आक्का. खिडकीतनं बोलू.”

“मी काय परकी व्हय? एवढ्या लांबनं तुझं तोंड बघाय आले.”

“हितनंबी दिसतंय की. केस तेवढे न्हाईत, बाकी जुनंच हाय.”

“तुझा रोग आमाला लागंल म्हणतीस?”

“माझा तुमाला लागत न्हाई. तुमची सर्दी मला लागंल. तुमच्या सर्दीनं मी मरायची आणि वर तुमीच रडाय येशीला!”

“वाळीत टाकलंस गं आमाला,” म्हणत त्यांनी पिशवी वसरीवर आपटली आणि पायऱ्या उतरल्या. माझा हात कडीवर गेला. आयुष्यात इतकं जड काही केलं नाही, पण कडी काढली नाही.

अंगणाच्या टोकाला जाऊन आक्का वळल्या. “जेवलीस तरी काय?”

“जेवले!”

“मोठ्यानं बोल, ऐकाय येत न्हाई!”

मग त्या फणसाखाली बसल्या. संध्याकाळपर्यंत आम्ही ओरडून बोललो. घरातली सगळी भांडणं त्या दिवशी अख्ख्या आळीला कळली.

रक्ताच्या तपासणीत पेशी वर आलेल्या दिसल्या आणि पुढचा डोस ठरल्या वेळी गेला. पुढं प्रत्येक डोसला पेशी पडल्या, प्रत्येक वेळी मी दार लावलं. तरीही एकदा ताप आलाच. आपल्या अंगातलेच जंतूही उठतात, डॉक्टरांनी सांगितलं. त्या वेळीही लगेच निघालो, म्हणून निभावलं. शेवटी गाठी गेल्या. डॉक्टरांचे, मालकांचे आणि घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्या आक्कांचे उपकार मी विसरत नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर खुशाल दार लावा. माणसं रुसतील, रुसू देत. त्यांची समजूत काढायला आपण जिवंत राहिलं म्हणजे झालं.