अण्णांचा शेवटचा दाणा

अण्णा गेले, त्याच्या नवव्या दिवशी मी त्यांचा दिवा विझवला. तोंडाने.

(मुद्दाम नाही हो! पण अजूनही मी खोलीत शिरलो की आई निरांजनाला हाताचा आडोसा करते.)

अण्णा म्हणजे माझे वडील. कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर मशिनांचे नकाशे काढले आणि निवृत्त झाल्यावर तांदळाच्या दाण्यांवर अक्षरं लिहायला लागले. डोळ्याला भिंग, हातात चार केसांचा ब्रश, आणि लिहून झालं की वरून माझ्या बायकोचं, मंजिरीचं, बिनरंगाचं नेलपॉलिश. (आपली बाटली कायम अर्धी का असते, हे तिला लग्नानंतर तीन वर्षांनी कळलं.) शेवटचा दाणा त्यांनी हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी लिहिला, डबीत घालून आईच्या हातात दिला आणि म्हणाले, "मी नसताना वाच." आईला वाटलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे, आल्यावर त्यांनाच विचारू. अण्णा आलेच नाहीत.

त्यांचं भिंगही सापडेना. आम्ही सगळी कपाटं उपसली. (त्यांचं आधीचं भिंग मी सहावीत असताना गॅलरीत नेऊन ऊन पाडायला वापरलं होतं. कागद जळाला. तो त्यांचा नकाशा होता!) आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मंजिरीच्या मोबाईलमधून पाहिलं तर अक्षरांच्या जागी नुसती मुंग्यांची रांग. आई रोज ती डबी घेऊन माझ्यासमोर बसायची.

"चव्वेचाळीस वर्षांत त्या माणसाने मला 'भाजी बरी झालीये'च्या पुढे काही म्हटलं नाही रे शशा. आता काहीतरी लिहिलंय. बघ ना काय ते."

"आई, मी फोटो काढतो. चांगला मोठा करून तेराव्याला भिंतीवर लावू."

शेजारचे देवधर काका भेटायला आले होते. ते म्हणाले, "कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात भिंग मिळतं."

मी ऐकलं नाही. खरं सांगतो, मला अण्णांनाच दाखवायचं होतं. पंधरा वर्षं मी हौसेने फोटो काढतोय आणि पंधरा वर्षं प्रत्येक फोटोवर त्यांचं एकच मत. "छान आलाय. कशाचा आहे?"

माझ्याकडे एक्सटेन्शन ट्यूब होती. म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी. आत काच नाही, काही नाही. वस्तू मोठी दिसते, पण उजेड वाटेतच संपतो. चांगल्या नळीतून कॅमेरा लेन्सशी बोलू शकतो. मी स्वस्तातली घेतली होती. मुकी!

काळ्या मखमलीवर दाणा ठेवला. पहिला फोटो काळाकुट्ट. दुसराही.

"झाकण काढलंत का?" देवधर काका.

"काढलंय काका."

"मग लावून बघा. काही फरक पडतो का."

मी फोटोचा वेळ वाढवून आठ सेकंद केला. तेवढ्यात खालून कात्रजच्या चढाला लागलेला ट्रक गेला, आमची इमारत हलली आणि दाण्याची शेवई झाली. शिवाय लेन्स इतकी जवळ न्यावी लागत होती, की तिचीच सावली दाण्यावर. उजेड हवा होता तो बाजूने, आणि अगदी जमिनीलगत. तसा उजेड घरात एकच होता. अण्णांचा दिवा!

तो त्यांच्या खोलीत, दक्षिणेकडे वात करून, मूठभर तांदळांवर ठेवलेला होता. आमच्याकडे तो दहाव्यापर्यंत विझू द्यायचा नाही अशी पद्धत. दहाव्याला तांदळांसकट नदीवर न्यायचा. म्हणजे उद्या.

"दिवा हलवायचा नाही हं," आई म्हणाली.

"नाही हलवत. मीच आडवा होतो."

मखमल आणि दाणा दिव्याशेजारी ठेवून भर दुपारी मी पोटावर पालथा पडलो. हलू नये म्हणून श्वास रोखला. आठ सेकंद झाले. पुरेना, म्हणून वीस केले. अठराव्याला डोळ्यांपुढे काजवे, विसाव्याला कॅमेऱ्याने टक् केलं, आणि मी छातीत होता-नव्हता तो सगळा श्वास सोडला.

दिवा गेला. मखमल रिकामी.

आईला दिसलं नाही, पण वातीचा वास आला. मंजिरीने धावत येऊन काडी लावली. आई दारातच उभी होती.

"शशा, एकदा गेले होते. तू पुन्हा घालवलेस."

मला रडू फुटलं. नऊ दिवस आलं नव्हतं, ते तिथे, पालथ्या अवस्थेत, कॅमेऱ्यावर आलं. फार वाईट वाटलं हो. आणि त्यातच कळलं, की दाणा उडून दिव्याखालच्या तांदळात गेलाय!

मंजिरीने दिवा अल्लाद धरून ठेवला. (हलवला नाही, नुसता उचलला. देवधर काकांनी तसा निर्वाळा दिला.) मी तांदूळ ताटात घेतले. सगळे सारखे, सगळे तेलकट. अर्धा तास डोळे फोडले. शेवटी आई ताट ओढून बसली आणि एकेक दाणा चिमटीत घेऊन चोळायला लागली. दहा मिनिटांत म्हणाली, "हा. नेलपॉलिश."

मग मंजिरीने कधी नव्हे ती लेन्समध्ये पुढून नजर टाकली. "अरे, आतलं हे भोक मिटलेलं का आहे?"

मुकी नळी! कॅमेऱ्याचा निरोप पोचतच नव्हता, त्यामुळे लेन्सची पापणी सकाळपासून मिटलेली. मंजिरीने मागची बारीक दांडी सरकवली आणि ती परत मिटू नये म्हणून कागदाची घडी अडकवली. कागद अण्णांच्या औषधांच्या चिठ्ठीचा होता. बाजूने मोबाईलची बॅटरी धरली आणि वेळ किती ते या खेपेला कॅमेऱ्यावरच सोडलं. फोटो पांढराफटक! काळी मखमल बघून कॅमेऱ्याला वाटलं, अजून अंधारच आहे. ऑटो बंद केलं, वेळ कमी केला, पुन्हा काढला.

आला. माझ्या आयुष्यातला सर्वांत स्वच्छ फोटो.

"वाच," आई म्हणाली.

मी मनातल्या मनात वाचलं आणि कॅमेरा मंजिरीपुढे धरला. तिने मोठ्याने वाचलं.

"भिंग तांदळाच्या डब्यात. शशाला देऊ नकोस."

आई हसायला लागली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून हमसाहमशी रडली. "मलाच लिहिलंय रे. माझ्यावर सोपवून गेले." ती उठली, मोठ्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातून भिंग काढलं आणि पदराने पुसलं. सवयीने मी हात पुढे केला. तिने ते मंजिरीच्या हातात ठेवलं.

"आई, तेराव्याला आपण अण्णांचा साधाच फोटो लावू."

"का? तूच म्हणालास ना, मोठा करून लावू? लाव."

लावला. दोन फूट बाय तीन फूट, हार घालून. सत्तर-ऐंशी माणसं भेटून गेली. उजेड इतका नेमका साधला होता, की चष्मा विसरून आलेल्यांनाही दारातूनच वाचता येत होतं.