माऊली एक दिवस त्या घरी

मे महिन्यात आमच्या उत्तनच्या गल्लीत माऊलीची, म्हणजे येशूच्या आईची, मूर्ती घरोघर फिरते. संध्याकाळी एका घरी माळ जपत रोझरीची प्रार्थना म्हणायची, उकडलेले चणे वाटायचे, मूर्ती तिथेच ठेवायची आणि दुसऱ्या संध्याकाळी पुढच्या घरी न्यायची. यंदा आमच्या मागच्या घराची पाळी जवळ येत गेली तशी माझी झोप उडाली.

त्या घरातली मावशी ईस्टरपासून कोणाला दिसली नव्हती. जन्मभर बोंबील सुकवून विकलेली, आवाजाने भाईंदरचा बाजार डोक्यावर घेणारी बाई. आता खिडकीतून फक्त तिच्या तरण्या मुलाचं ओरडणं यायचं, मग काहीतरी आपटायचं, मग एकदम शांत. आमच्या गल्लीत कोणाकडे कोणता मासा शिजतोय हे चार घरांना कळतं, पण हे मात्र कोणालाच ऐकू येत नव्हतं. मेले बहिरे! मी एकदा विचारलं, तर मुलगा हसून म्हणाला, "झोपलीय ती, काकी. तुमी कशाला टेन्शन घेताय?" ते हसू मला शिवीपेक्षा वाईट वाटलं.

पण माऊलीला दार बंद करायची कोणाची छाती नाही. आम्ही बायका मूर्ती घेऊन गेलो. मावशी खुर्चीत बसली होती, वेणीफणी केलेली, जिवंत. मला हायसं वाटलं. मात्र प्रार्थना म्हणताना ती मूर्तीकडे बघतच नव्हती, मुलाकडे बघत होती. निघताना तिने माझं बोट धरलं ते सोडेचना.

"माऊली हाय ना घरात," एक शेजारीण बाहेर आल्यावर कुजबुजली. "तिच्यासमोर कोन हात उचलेल?"

आम्ही सगळ्यांनी ते मानलं. घाबरलेल्या माणसाला मानायला काहीही चालतं.

दुसऱ्या संध्याकाळी मूर्ती न्यायला गेलो, तर तिचं तोंड भिंतीकडे फिरवलेलं. मावशीचा ओठ सुजला होता. माझं तोंड सुटलंच. "माऊलीचं तोंड फिरवलंस? लाज न्हाय तुला?"

मुलगा दाराकडे सरकला. मावशीच बोलली. "त्यानं न्हाय गो. मीच फिरवली. तिला कसं दाखवू? माझा पोर हाय तो."

मी तिथेच उभी राहून पोलिसांना फोन लावला. पत्ता आमचाच, रोजचा, तरी सांगताना अडखळले. मुलगा दार अडवून उभा होता आणि आम्ही बायका मावशीला घेरून. त्याची भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त भीती मला तिची वाटत होती. विचारल्यावर ही काय सांगेल?

गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. मावशीने पदराने ओठ झाकला आणि माझ्या कानाशी आली.

"तू पन सांग, मी पडली."

मी तसं सांगितलं नाही.