एक निरभ्र सकाळ आणि स्नोमोबाईलचा पट्टा

हॉर्नबीहून आम्ही निघालो तेव्हा अंगणातल्या गवतावरचं दव गोठून पांढरं झालं होतं. हॉर्नबी हे क्राइस्टचर्चचं उपनगर. गोदामं, गॅरेजेस, मोठमोठी दुकानं आणि त्यांच्या मागं बैठ्या घरांच्या रांगा. माझा धाकटा भाऊ शिरीष तिथं राहतो. पुण्यात मेकॅनिकल इंजिनीअर झाला, काही वर्षं चाकणला काढली आणि मग तिथं शेतीची आणि बर्फावरची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये नोकरीला लागला. २००६ सालच्या ऑगस्टमध्ये मी नाशिकहून त्याच्याकडे गेले होते. तिकडचा ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि बोटं बधिर होणं वेगळं.

निघताना भाचीनं तिचे गमबूट माझ्यापुढे ठेवले. मी म्हटलं, "अगं, तुला नकोत का?" तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. "स्वीट ॲज, आत्या," ती म्हणाली. (म्हणजे 'काही हरकत नाही'. हे तिकडं दिवसातून दहा वेळा ऐकू येतं.)

शिरीषला डोंगरातल्या एका स्की क्लबवर स्नोमोबाईलचं काम होतं आणि तो मला सोबत नेत होता. स्नोमोबाईल म्हणजे बर्फावरची मोटारसायकल समजा. पुढं दोन पट्ट्या, घसरायला. मागं चाकाऐवजी रणगाड्यासारखा फिरणारा रुंद रबरी ट्रॅक. इंजिनाचा जोर या ट्रॅकपर्यंत पोचवतो तो एक जाड रबरी पट्टा. मी अंबडच्या एका कारखान्यात निवृत्त होईपर्यंत स्टोअर सांभाळलं. पट्टे, बेअरिंगं, ऑइल सील यांच्यातच माझं आयुष्य गेलं. त्यामुळे गाडीच्या मागच्या सीटवर शिरीषनं ठेवलेला नवा पट्टा मी पाहिला तेव्हा त्या परक्या मुलखात मला पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं दिसलं.

रस्ता आधी सपाट मैदानातून जातो. इतका सरळ, की वळण आलं की माणूस दचकतो. दोन्हीकडे मेंढ्या आणि वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेल्या उंच झाडांच्या भिंती. स्प्रिंगफील्डला गाडी थांबवून शिरीषनं पाय (मैद्याच्या पारीत भरलेलं गरम सारण, बहुतेक ठिकाणी ते मांसाचंच असतं) घेतला. माझ्यासाठी भाजीचा मिळाला. त्यात रताळ्यासारखं गोडसर काहीतरी होतं. त्याला तिकडं कुमारा म्हणतात. चव वाईट नव्हती, फक्त हिरव्या मिरचीची फार आठवण आली. पुढं पोर्टर्स पासचा घाट लागला आणि घाट उतरताच झाडं संपली. तपकिरी, निर्मनुष्य डोंगर आणि त्यांच्या माथ्यावर बर्फ. शिरीष म्हणाला, "पहिल्या हिवाळ्यात मला इथं भीती वाटायची, ताई. आता हॉर्नबीतच गुदमरतं."

क्लबची झोपडी (तिकडं ते 'हट' म्हणतात, पण आत वीस माणसं झोपतील एवढी मोठी) मोटारींच्या तळापासून बरीच वर होती. सामान दोरीवरच्या पाळण्यातून गेलं आणि आम्ही पायवाटेनं. मी चार वेळा घसरले. चौथ्यांदा पडले तेव्हा वरून एक बाई शांतपणे म्हणाल्या, "किया ओरा. टाच आधी रोवा, मग पाऊल टाका." ('किया ओरा' म्हणजे तिकडच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला नमस्कार.)

त्या नोरीनबाई. वय सत्तरीच्या पुढं, उंच, हाडापेरानं मजबूत, डाव्या गुडघ्याला पट्टी बांधलेली. त्या आणि त्यांचे यजमान कॉलिन या क्लबचे जुने सभासद. क्लबचं सगळं काम सभासद आपापसांत वाटून करतात. तरुणपणी हे दोघं इतरांबरोबर पाठीवर फळ्या वाहून ही झोपडी बांधायला आले होते आणि तिथंच त्यांची ओळख झाली. पुढं कित्येक हिवाळे नोरीनबाईंनी इथलं स्वयंपाकघर चालवलं. रात्री त्यांनी भोपळ्याचं सूप वाढलं. मी नेलेलं लसणीचं तिखट त्यांनी चमच्याच्या टोकावर घेऊन चाखलं, थोडा वेळ विचार केला आणि पुन्हा घेतलं.

जेवताना मला एक गोष्ट जाणवली. त्या वाडगं समोर ठेवताना आधी टेबलाची कड हातानं चाचपत. माझ्याशी बोलताना माझ्याकडे नाही, माझ्या कानाजवळ कुठंतरी पाहत. शेवटी त्यांनीच सांगितलं. "माझ्या नजरेचा मधला भाग गेलाय. कडेकडेनं दिसतं. डॉक्टर म्हणतात, पुढच्या हिवाळ्यापर्यंत तेही राहील असं धरून चालू नका."

झोपडीच्या वर एक खिंड आहे. तिथून पलीकडची डोंगरांची ओळ, खालची नदी आणि तिचे वेणीसारखे गुंफलेले प्रवाह दिसतात म्हणे. कॉलिननी तिथंच त्यांना लग्नाचं विचारलं होतं. गुडघ्यामुळे आता चालत जाणं शक्य नव्हतं. "शिरीष मशीन नीट करणार आहे," त्या म्हणाल्या. "मग उद्या मला तो मागं बसवून वर नेणार. एवढंच बघायचंय."

सकाळ झाली ती निरभ्र. इतकं निळं आकाश मी नाशिकला दिवाळीनंतरच्या थंडीतही पाहिलेलं नाही. खिंड झोपडीच्या दारातून स्पष्ट दिसत होती. नोरीनबाई चहाआधीच लाल कोट आणि टोपी घालून पडवीत उभ्या होत्या.

"आत्ताच जाऊ या का?" त्यांनी विचारलं. "दुरुस्ती काय, आल्यावरही होईल. कालपर्यंत मशीन चालत होतंच."

शिरीषनं कॉलिनकडे पाहिलं. कॉलिन म्हणाले, "चालत होतं. चढावर जरा घसरल्यासारखं वाटतं, एवढंच."

शिरीषनं बाजूचं झाकण उघडलं आणि मला हाक मारली. "ताई, हे बघ." दोन पुलींवरून फिरणाऱ्या पट्ट्याची एक कड पिंजून तिचे दोरे बाहेर आले होते. दात्यांच्या मधे बारीक चिरा होत्या आणि बाजू घासून काचेसारखी गुळगुळीत झाली होती. स्टोअरमध्ये असा पट्टा परत आला असता तर मी तो भंगाराच्या पिंपात टाकला असता. खालचा ट्रॅकही सैल होता आणि एका बाजूला सरकून घासत होता.

"नेता येईल का?" मी मराठीत विचारलं.

"येईलही. कदाचित काही होणार नाही." तो खिंडीकडे बघत होता. "पण मधला उतार फार उभा आहे. तिथं पट्टा तुटला तर मशीन मागं येतं. पाठीमागं ही बाई बसलेली. मला नाही जमणार."

त्यानं नोरीनबाईंना इंग्रजीत तेच सांगितलं, हळू आवाजात. त्यांनी मान डोलावली. "मग नीट कर," त्या म्हणाल्या. "आपण दुपारी जाऊ."

काम जेवणाच्या आधी व्हायला हवं होतं. जुना पट्टा निघाला, पुली पुसून कोरड्या केल्या, नवा पट्टा साबणाच्या पाण्यानं धुऊन, वाळवून चढला. त्यावरची अक्षरं वाचता येतील अशाच दिशेनं तो बसवायचा असतो. ते काम शिरीषनं मला करू दिलं आणि मला उगाच अभिमान वाटला. ट्रॅकनं मात्र छळलं. त्याच्या आत बर्फ दगडासारखा गोठला होता. नोरीनबाईंनी किटल्या भरभरून गरम पाणी दिलं. मागचा भाग लाकडी ओंडक्यावर उचलून ठेवला. ट्रॅक ताणायचे दोन बोल्ट असतात, दोन्ही बाजूंना एकेक. उजवा फिरला. डावा गंजून बसला होता. तेल सोडलं, ठोकलं, पुन्हा तेल सोडलं.

तेवढ्यात एक किआ (डोंगरातला मोठा हिरवा पोपट, अतिशय आगाऊ) उडी मारत आला. आम्ही त्याच्याकडे कौतुकानं पाहत असतानाच त्यानं झाकण बसवायची कडी चोचीत उचलली आणि छपरावर जाऊन बसला. मी पोळीचा तुकडा दाखवला. त्यानं कडी टाकली ती पलीकडच्या भुसभुशीत बर्फात. कॉलिन आणि मी गुडघ्यांवर बसून बर्फ चिवडत होतो. आम्ही हसत होतो. नोरीनबाईही पडवीतून हसत होत्या. आज ते हसणं आठवलं की बरं वाटत नाही.

कडी सापडली, बोल्टही शेवटी फिरला. शिरीषनं उचललेला ट्रॅक हळूहळू फिरवून पाहिला. मला त्यानं मशीनच्या मागून बाजूला उभं केलं, कारण फिरत्या ट्रॅकमधून दगड उडाला तर गोळीसारखा लागतो. दोन्ही बाजूंना सारखं अंतर येईपर्यंत तो एकेक बोल्ट जरा जरा फिरवत राहिला. मग म्हणाला, "झालं. आता नवा पट्टा थोडा सपाटीवर मुरवायला हवा. एकदम चढावर जोर दिला तर तो करपतो."

तो झोपडीसमोरच्या सपाटीवर फेऱ्या मारू लागला. कधी हळू, कधी जरा वेगात. वारा बदलला होता, पण मी नवखी, मला कळलं नाही. कॉलिनना कळलं. त्यांनी वायव्येकडे तोंड केलं आणि टोपी काढली. त्या वाऱ्याला तिकडं नॉरवेस्टर म्हणतात. तो समुद्राकडून ऊब आणि ओल आणतो आणि डोंगरात ढग भरतो. खिंडीच्या एका टोकावर पांढरं काहीतरी येऊन बसलं, मग ते खाली ओघळलं. शिरीषनं मशीन आणून पडवीला लावलं तेव्हा वरचा अर्धा डोंगर नाहीसा झाला होता.

नोरीनबाई कोट घालून उभ्याच होत्या. त्यांनी माझी बाही धरली.

"खिंड दिसते का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "मला काही दिसत नाही. ढग आहे की माझे डोळे?"

"ढग आहे," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. मलाही दिसत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान दिसलं. ते मला अजून विसरता येत नाही.

शिरीष इंजिन चालू ठेवून म्हणाला, "पटकन जाऊन येऊ का? कदाचित वर मोकळं असेल." कॉलिननी मान हलवली. अशा वाऱ्यात त्या उतारावरचा बर्फ निसटतो, असं ते म्हणाले. नोरीनबाईंनी टोपी काढून खिशात ठेवली. "आणि चढून बघायचं काय?" त्या म्हणाल्या. "आत या, स्कोन्स गरम आहेत." (स्कोन म्हणजे जाडसर, बिनसाखरेचा पाव, लोणी-मुरंब्याबरोबर खातात.) आम्ही स्कोन्स खाल्ले. संध्याकाळी पाऊस लागला, बर्फावर पाऊस, आणि दुसऱ्या दिवशीही तो थांबला नाही. रस्ता बंद व्हायच्या आत आम्हाला उतरावं लागलं.

निरोप घेताना नोरीनबाईंनी शिरीषचा हात दोन्ही हातांत धरला. "तू बरोबर केलंस," त्या म्हणाल्या. परतीच्या वाटेवर पोर्टर्स पासच्या घाटात शिरीषनं गाडी हळू केली. मग म्हणाला, "त्यांनी दोष दिला असता तर बरं झालं असतं."

त्या मोसमात पुन्हा योग आला नाही. एकदा नोरीनबाईंचा गुडघा सुजला, एकदा बर्फ कमी पडला. मी नाशिकला परतले. गंगापूर रोडवरच्या माझ्या घरात, ऊन येतं त्या खिडकीत बसून मैत्रिणींना फोटो दाखवले. मेंढ्या, घाट, किआ. खिंडीचा फोटो मी त्या सकाळी काढला होता. तो पाहून मैत्रिणी म्हणाल्या, किती सुंदर. मी तो पाकिटात परत ठेवला.

पुढच्या हिवाळ्यात शिरीषचा फोन आला. तो पुन्हा क्लबवर जाऊन आला होता. नोरीनबाई आल्या होत्या, कॉलिनच्या दंडाला धरून. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. दोन्ही दिवस आकाश सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वच्छ होतं. मशीन उत्तम चाललं. शिरीषनं त्यांना वर नेण्याची तयारी दाखवली, पण त्या नको म्हणाल्या. स्वयंपाकघरात बसून त्यांनी बटाटे सोलले, स्पर्शानं, आणि एकाही बटाट्यावर डोळा राहू दिला नाही.

"ताई," शिरीष म्हणाला, "त्या सकाळी जुन्या पट्ट्यावरच नेऊन आणायला हवं होतं का गं?"

"नाही," मी म्हणाले. "तुटला असता तर?"

"हं."

"तुटला असता तर आज तू वेगळाच प्रश्न विचारत असतास."

"हं," तो पुन्हा म्हणाला. मग त्यानं माझ्या रक्तदाबाची चौकशी केली, मी भाचीच्या परीक्षेची केली आणि आम्ही फोन ठेवला.

मी त्याला दिलेलं उत्तर बरोबरच होतं. मी तो पट्टा हातात घेऊन पाहिला होता आणि आजही कोणी तो दाखवला तर मी भंगारातच टाकेन. पण कारखान्यात इतकी वर्षं काढूनही मला हे कुणी सांगितलं नव्हतं, की योग्य काम योग्य रीतीनं करत असतानाही कुणाची तरी एकुलती एक सकाळ निघून जाऊ शकते, आणि तिचा दोष कुणाच्याच नावावर टाकता येत नाही.