सायकलवरची घंटी

बालाजी घाटाजवळच्या आमच्या गल्लीत येणारा टेलिफोनचा लाइनमन तोंडातलं पान सांभाळत, हनुवटी वर करून भोजपुरीत बोलायचा. फोन उचलला की 'हॅलो'ऐवजी "महादेव!" म्हणायचा. घंटीवाले काळे फोन काढून त्यानंच घरोघरी चिवचिवणारे नवे फोन बसवले, पण अगदी जिवावर आल्यासारखे. "ई घंटी ना हौ, झींगुर हौ!" म्हणत त्या आवाजाला तो रातकिडा ठरवायचा.

नवे फोन बसले त्याच्या दुसऱ्याच दिवशी गल्लीत जुनी, खणखणीत ट्रिंग ट्रिंग घुमली. लेकीच्या फोनची वाट बघणारी काकू तव्यावरची पोळी तशीच टाकून धावली, समोरचे भटजी अर्ध्या पूजेतून उठले, आणि घराघरांतून "हॅलो, हॅलो!" सुरू झालं.

दारात लाइनमन सायकल धरून उभा! जुन्या फोनमधल्या घंटीच्या पितळी वाट्या त्यानं हँडलला बांधल्या होत्या.

"अरे भैया, मेरी पोळी जल गई!" काकू ओरडली, पण तिला हसू आवरेना.

त्यानं हनुवटी वर करून घंटी कशाला म्हणतात ते सुनावलं. "देखलू काकी? एके कहल जाला घंटी!"

तेवढ्यात आत नवा फोन चिवचिवू लागला. चिमण्या आल्या वाटतं, म्हणत काकूनं फोनकडे न बघताच जळकी पोळी कुस्करून खिडकीत टाकली.