ओटीत आलेली कोंबडी

आधी कबूल करा, कुणी हसणार नाही. मग सांगते. आणि चहा ओता गं जरा, कारण हे कोरड्या घशानं सांगवत नाही. माणसाची लाज फार तर गल्लीत जाते, गावात जाते. माझी युगांडात जाऊन मिल्टन कीन्सला परत आलीय!

आम्ही नवे नवे वर्क परमिटवर इंग्लंडात आलो होतो ना, तेव्हाची गोष्ट. ऑफिसात माझ्या शेजारच्या डेस्कवर ग्रेस होती, युगांडाची. फ्लॅट भाड्यानं कसा घ्यायचा इथपासून राउंडअबाउटवर आधी कुणी जायचं इथपर्यंत सगळं मला तिनं शिकवलं. या देशातली माझी पहिली मैत्रीण. आम्ही युगांडाला, जिंजा शहरात फिरायला चाललोय म्हटल्यावर तिचे डोळेच भरून आले. बिचारीला व्हिसाच्या भानगडीत कितीतरी वर्षं घरी जाता आलं नव्हतं.

"जिंजातलं गेस्टहाउस नंतर. आधी एक रात्र माझ्या आईकडे राहायचं," ती म्हणाली. "आणि एक कर, तिचं मन मोडू नकोस."

"अगं, मी पुण्याची असले तरी तेवढं कळतं मला!"

गेलो. तिथं गावात जायला मटाटू, म्हणजे तिकडचं वडापच. माणसं, पोती, केळ्यांचे घड, सगळं एकमेकांच्या मांडीवर. इथं कोपऱ्यावरच्या दुकानात कारनं जाणारी मी, तिथं अर्ध्या सीटवर बसून मजेत गेले.

ग्रेसच्या आई निवृत्त शिक्षिका. त्यांनी स्वतःची खाट आम्हाला दिली आणि आपण चटईवर झोपल्या. आम्ही शाकाहारी हे ग्रेसनं फोनवर सांगितलेलं, तर त्यांनी केळीच्या पानात उकडलेली कच्ची केळी आणि चक्क दाण्याची आमटी केली! जेवताना सारखं लेकीबद्दल विचारत होत्या. नीट खाते का? थंडीत अंगावर पुरेसं घालते का?

सकाळी निघताना त्या परसात गेल्या आणि आल्या त्या कोंबडी घेऊन. जिवंत! पाय बांधलेले, मानेवर एक पीस नाही, आणि डोळे वटारून माझ्याकडे बघतेय. आईंनी दोन्ही हातांनी ती माझ्या हातात दिली.

तिकडे मानाच्या पाहुण्याची अशी ओटी भरतात म्हणे. आता ओटी कुणी नाकारतं का? मी घेतली. वाकून नमस्कारसुद्धा केला, कोंबडीसकट.

परतीच्या मटाटूत सगळे कौतुकानं माझ्याकडे बघत होते. अविनाश, माझा नवरा, तेवढा खिडकीला चिकटून बसलेला.

"हिचं करायचं काय?"

"करायचं काय म्हणजे? आहेर आहे तो."

"उद्या विमान आहे आपलं!"

गेस्टहाउसच्या मॅनेजरला कोंबडीचं काही वाटलं नाही. "मागे आचाऱ्याकडे द्या," एवढं म्हणाला मात्र, मी तिला छातीशी धरून जिना चढून पळाले. तिची सोय बाथरूममध्ये झाली. पहाटे तिनं असा कलकलाट केला की अख्खं गेस्टहाउस जागं! दार उघडून बघतो तर अविनाशच्या नव्या बुटात अंडं.

"हिला आत्ताच्या आत्ता कुणाला तरी देऊन टाक!"

आणि इथं माझी बुद्धी चालली. बायांनो, आपल्या कपाटात खणांचा एक कप्पा असतो की नाही? एकीनं दिलेला, आपण न शिवलेला, पुढच्या हळदीकुंकवाला दुसरीच्या ओटीत सरकवायचा. त्यात आजवर कुणाला पाप वाटलंय का?

नाश्त्याला शेजारच्या खोलीतल्या बाई भेटल्या. कंपालाहून आलेल्या, नीटनेटक्या, गोड बोलणाऱ्या, घरी कोंबड्या पाळणाऱ्या. म्हटलं, यांच्याकडे ही सुखात राहील. मी दोन्ही हातांनी कोंबडी पुढे केली आणि हळदीकुंकवातलंच वाक्य बोलून गेले, "खास तुमच्यासाठी. आमच्या घरची आहे."

आमच्या घरची! मिल्टन कीन्सच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली!

बाई चक्क गुडघ्यांवर बसल्या, तिकडे बायका असाच मान देतात. कोंबडी घेतली, माझं नाव दोनदा विचारून घेतलं, आणि बॅग उचलून निघाल्या. आणि बघा हं, जन्मात पहिल्यांदाच मी कुणाला "कुठं निघालात?" असं विचारलं नाही.

सुट्टी संपली. ऑफिसच्या किचनमध्ये ग्रेसनं मला गाठलं. खाटेचं, आमटीचं, आईच्या तब्येतीचं, सगळं दोन-दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "आणि कोंबडी?"

"अगं, इतकी गोड! जीव लागला तिचा."

"केलंस काय तिचं?"

खरं बोलायची वेळ हीच होती. पण म्हटलं, आईचं मन मोडायचं नाही ना?

"गेस्टहाउसच्या मागे बाग आहे, तिथं ठेवलीय. मॅनेजर रोज दाणे घालणार आहे."

"रोज?"

"रोज! मी फोन केला होता की."

"फोनपण केलास?"

"हो तर! मजेत आहे म्हणाला."

"मजेत आहे खरी," ग्रेस म्हणाली. "आईच्या परसात."

मी भरलेली किटली पुन्हा भरायला घेतली.

त्या कंपालाच्या बाई ग्रेसच्या आईच्या जुन्या विद्यार्थिनी. आपल्या शिक्षिकेला भेटायलाच निघालेल्या. आणि तिथं रिकाम्या हातानं कसं जायचं? म्हणून माझी कोंबडी घेऊन गेल्या! वर सांगितलं, एका भारतीय बाईनं खास स्वतःच्या घरून आणलेली. आणि उघड्या मानेची कोंबडी अख्ख्या गावात एकच!

"तुम्ही मांस खात नाही म्हणून आईनं मुद्दाम अंडी देणारी निवडली होती," ग्रेस म्हणाली. "तिची सगळ्यात चांगली. नेता येत नव्हती तर तसं सांगायचंस. तुझ्या नावानं तिनं तिथंच सांभाळली असती. दर फोनला मला तिची खबर दिली असती."

खरं सांगते, मला रडूच आलं. लेकीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली ती बाई, लेकीच्या जागी आम्हाला मानून स्वतःची खाट देते, सगळ्यात चांगली कोंबडी देते, आणि मी ती खणासारखी पुढे सरकवली. वर ग्रेसच्या तोंडावर बागा काय, दाणे काय!

"आई चिडल्यात का गं?"

"नाही. तिनं तुला निरोप दिलाय."

मी मान खाली घातली. म्हटलं, घालू देत शिव्या. मिळायलाच हव्यात.

"म्हणाली, 'तिला सांग, तिनं पाठवलेली कोंबडी पोचली. फार छान आहे. एवढं कशाला पाठवलं, म्हणावं. फार आभारी आहे.'"

आता तुम्हीच सांगा, यावर माणसानं माफी मागावी, रडावं, निदान गप्प तरी बसावं की नाही? आणि माझ्या तोंडून सवयीनं काय निघावं?

"छे गं, त्यात काय एवढं!"